पहिला माल

सायखेड्याच्या दत्तू कुट्यांना फुलातलं सगळं कळायचं. फक्त फूल घरातही लागतं, एवढं एक कळायचं नाही. त्यांच्या वावरात बारा महिने काही ना काही फुललेलं असे. झेंडू, शेवंती, अ‍ॅस्टर, उन्हाळ्यात मोगरा. पण त्यातलं टपोरं, टवटवीत फूल कधी उंबऱ्याच्या आत आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. सकाळी खुडणी झाली की बांधावरच निवड व्हायची. चांगला तो पहिला माल. तो क्रेटमध्ये भरून रस्त्याच्या कडेला ठेवायचा, तिथून कुंदनच्या पिकअपमधून नाशिकच्या फूलबाजारात. किडकं, चेपलेलं, अर्धवट उमललेलं, तो बदला. बदला घरी यायचा. घरच्या देवांना बदला, नवसाबाईंच्या अंबाड्याला बदला, पोरीच्या वेणीला बदला. देवांनी कधी तक्रार केली नाही. नवसाबाईंनी केली असेल, पण नवऱ्यांच्या कानांना काही गोष्टींची सूट असते. असं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि त्यात काही चुकतंय असं दत्तूनानांना वाटत नव्हतं.

तृप्ती त्यांची एकुलती एक. ती नाशिकला एका प्रयोगशाळेत पाणी तपासायच्या कामाला होती. नदीत, नाल्यात, विहिरीत काय काय मिसळतं ते बाटलीत धरून बघायचं, हाच तिचा धंदा. त्यामुळे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुपारी फुटली, ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला असलेल्या राजशी तिचं लग्न ठरलं आणि मार्गशीर्षातली तारीख निघाली, तेव्हा तिनं साड्यांचं, दागिन्यांचं काही काढलं नाही. एवढंच म्हणाली, की लग्नातलं फूल असं हवं, जे नंतर कुठेही टाकलं तरी कोणाचं वाईट होणार नाही. राजची आई प्रतिभाताई फोनवर जरा घाबरल्या. "तुमचं इकोफ्रेंडली चांगलंच आहे गं," त्या म्हणाल्या, "पण फुलं दिसायला तर हवीत ना? आमच्या कॉलनीतली सगळी मंडळी येणार आहेत."

मांडव दारातच पडणार होता. नाशिकहून एक डेकोरेशनवाला येऊन ओसरीवर बसला आणि मोबाइलवर एकेक फोटो सरकवू लागला. थर्माकोलचे हंस, प्लास्टिकच्या वेली, परदेशातून आलेली, हिरव्या स्पंजात खोचलेली फुलं. तृप्तीनं सगळं शांतपणे बघितलं.

"लग्न झाल्यावर हे जातं कुठं?" तिनं विचारलं.

"ते टेन्शन तुम्ही नका घेऊ, मॅडम. ते आम्ही बघतो."

"तेच विचारते. कुठं बघता?"

डेकोरेशनवाल्यानं हात केला तो नेमका नदीच्या बाजूला. दत्तूनाना दाराशी उभं राहून मनातल्या मनात गुदगुल्या होऊन हसत होते. पोरगी बापावर गेली, असं त्यांना वाटलं. आता हा माणूस चहा पिऊन उठेल आणि तृप्ती म्हणेल, नाना, आपल्या वावरात एवढी फुलं असताना बाहेरचं कशाला. या वाक्याला काय उत्तर द्यायचं, मिशीतल्या मिशीत कसं हसायचं, तेही त्यांनी ठरवून ठेवलं.

माणूस उठून गेला. तृप्ती म्हणाली, "नाना, दिंडोरीकडं बायकांचा एक गट आहे. बिनऔषधाची फुलं लावतात. मी त्यांना सांगून ठेवलंय."

नानांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "अन् आपली?"

"आपली नकोत."

"माझी फुलं काय इखारी हायेत का?"

"तुम्हीच सांगता ना, औषध मारलं की आठवडाभर गाय त्या बांधाला सोडू नका," तृप्ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे नानांना जास्तच लागलं. "मग मांडवातली फुलं उकिरड्यावर गेल्यावर तिनं खाल्ली तर? मी लग्न लावून जाईन आणि गाय आजारी पडेल. मला नाही चालणार."

उत्तर नसलं की माणूस शपथ घेतो. नानांनीही घेतली. विहिरीजवळचा तुकडा तिच्या लग्नापुरता वेगळा. त्यावर औषधाचा थेंब पडणार नाही. आणि मांडवाला, देवाला, मुंडावळीला फूल लागेल ते त्याच तुकड्यातलं. "दिंडोरीवाल्या बायांना नाय म्हून सांग," ते म्हणाले. "पोरीच्या लग्नाला दुसऱ्याच्या वावरातलं फूल आलं, तर मी जल्मभर काय पिकवलं?"

बापाचा शब्द आणि बापाचा औषध फवारायचा पंप, दोन्ही तृप्तीला लहानपणापासून ठाऊक होते. मग तिनं फोन लावला आणि दिंडोरीच्या बायकांना नको म्हणून कळवलं. त्या घडीपासून हे लग्न फुलांच्या बाबतीत एकट्या नानांच्या अंगावर येऊन पडलं.

शेवंतीच्या लागवडीचे दिवसच होते. नानांनी तुकड्यात शेवंती लावली आणि गणपतीनंतर कडेनं झेंडू. बोलणं सोपं होतं. आधी मावा, ती बारीक कीड, आला तो शेंड्याशेंड्यावर बसला. नानांनी निंबोळीचा अर्क मारला, गोमूत्र मारलं, ताक मारलं. मावा ताक पिऊन पुन्हा बसला. मग कळ्या धरल्या आणि अळी आली. गावात येणारा-जाणारा बांधावर थांबून विचारू लागला, "काय नाना, यंदा अळीचीच शेती का?" नाना वरून हसायचे आणि आतून पिळवटून निघायचे. एका सकाळी त्यांनी औषधाचा पंप भरला, पाठीला लावला आणि तुकड्याकडे निघाले. बांधावर नवसाबाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीशी पाण्याचं टमरेल होतं आणि त्या एकेक कळी उलटी करून अळी वेचून त्यात टाकत होत्या. त्यांनी पंपाकडे बघितलं आणि पुन्हा कळीकडे.

"कुठं निघालात?" त्यांनी विचारलं.

"कुठं नाय. त्या पलीकडच्या अ‍ॅस्टरला मारायचं व्हतं."

"मंग तिकडून वाट हाय," नवसाबाई म्हणाल्या.

नानांनी पंप खाली ठेवला आणि दुसरं टमरेल आणलं. त्या दिवसापासून रोज सकाळी नवरा-बायको समोरासमोर बसून अळ्या वेचू लागले. एवढा वेळ ते दोघं एकमेकांसमोर लग्नानंतर पहिल्यांदाच बसले असतील. बोलणं फारसं नव्हतं. पण दिवाळी उलटली, तुळशीचं लग्न लागलं आणि तुकडा असा काही फुलला, की नानांना रात्रीची झोप लागेना. पांढरी शेवंती मूठ मूठ एवढी. किडीनं खाल्लेली होती, लहान राहिलेली होती, पण चांगली होती ती इतकी चांगली, की नाना कोणालाही हाताला धरून दाखवायला न्यायचे.

हळदीचा दिवस उजाडला. मांडवाची फुलं त्याच दिवशी खुडायची, दुपारी बायकांनी माळा करायच्या, संध्याकाळी मांडव सजवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न, असं ठरलं होतं. खुडणीला भागुबाईंची टोळी आली. भागुबाईंनी कुट्यांच्या वावरात इतकी वर्षं फुलं खुडली होती, की डोळे झाकून खुडायला सांगितलं तरी त्यांचं बोट उमललेल्या फुलावरच पडे. ऊन चढायच्या आत तुकडा रिकामा झाला, मागे राहिल्या त्या फक्त हिरव्या कळ्या. फुलांचा ढीग बांधावर ताडपत्रीवर पडला आणि नाना निवडायला बसले. कोणी सांगितलं नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ती अशी. टपोरं फूल क्रेटमध्ये, भोकाचं फूल बाजूला. भागुबाईही शेजारी बसल्या. चार हात भराभर चालू झाले आणि थोड्या वेळात क्रेट भरून नेहमीच्या जागी, रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

तेवढ्यात प्रतिभाताईंचा फोन आला. उद्याची तयारी कशी काय, असं त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारता फुलांवर आल्या.

"फुलांची काळजीच सोडा, विहीनबाई," नाना छाती काढून म्हणाले. "उद्या मांडवात पाय टाकाल न, तर बघतच राहाल. अशी शेवंती उभ्या नाशिक जिल्ह्यात नाय."

हे चालू असताना रस्त्यावर कुंदनचा पिकअप येऊन थांबला. कुंदन गावातलाच, रोज याच वेळेला यायचा, रस्त्याच्या कडेला असेल ते उचलायचा. त्यानं खिडकीतून मान काढून हातानं विचारलं, घेऊ का? नानांनी एका हातानं फोन धरला होता. दुसऱ्या हातानं त्यांनी रोजच्यासारखी खूण केली, उचल. आणि फोनमध्ये सांगत राहिले, की पोरीच्या लग्नाला बाजारचं एक फूल यायचं नाही. पिकअप गेला. नाना हसतमुखानं घराकडे निघाले, कारण हळद लावायला त्यांना बोलावणं आलं होतं.

दुपारी जेवणं झाली. बायका सुई-दोरा घेऊन ओसरीवर बसल्या. नवसाबाईंनी बांधावरून ताडपत्री उचलून आणवली आणि ओसरीवर मोकळी केली. भोकं पडलेली, कडा खाल्लेली, बोराएवढी राहिलेली फुलं. बायका वाट बघत बसल्या.

"अहो," नवसाबाईंनी हाक मारली, "बाकीची फुलं कुठं ठेवली?"

नानांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्यांच्या डोळ्यांसमोर तो हात आला, उचल म्हणणारा. अंगाखाली कोणी निखारे ठेवावेत तसे ते उठले. काय झालं ते सगळ्यांना त्यांच्या तोंडावरूनच कळलं. तृप्ती हळदीच्या पिवळ्या साडीत दारात उभी होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती आत गेली आणि दार लोटून घेतलं. नानांना आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

त्यांनी कुंदनला फोन लावला. कुंदन फार खुशीत होता. "नाना, आज तुमचा माल पाह्यला न, लोक तुटूनच पडले. मिनिटात गेला."

"अरे, ते लग्नाचं व्हतं."

कुंदन हळूच म्हणाला, "तुम्हीच हात केला, नाना."

हळद लागलेल्या मुलीनं शीव ओलांडायची नाही, म्हणून तृप्ती येऊ शकत नव्हती. नाही तर ती आली असती आणि सगळा बाजार तिनं उलटापालटा केला असता. नाना एकटेच मोटरसायकलवर निघाले. अंगावर हळदीचे डाग, कपाळावर कुंकू, डोक्याला फेटा. चांदोरी गेली, ओढा गाव गेलं, नांदूर नाक्याला सिग्नल लागला, तेव्हा शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "काय काका, वरात चुकली का?" एरवी नानांनी त्याला चार शब्द सुनावले असते. आज त्यांनी हिरवा दिवा लागताच गाडी पुढे काढली.

फूलबाजारात दुपारची सामसूम होती. ओल्या गोणपाटांवर पाकळ्या पडलेल्या, आडत्या खुर्चीत पेंगत होता. झेंडू सटाण्याच्या व्यापाऱ्यानं नेला होता, तो आतापर्यंत घाट चढला असेल. शेवंती पंचवटीतल्या शकुबाईंनी उचलली होती. नानांनी सगळी हकिगत सांगितली. आडत्या पोट धरून हसला, मग नानांचं तोंड बघून थांबला.

"एवढं काय घेऊन बसलात," तो म्हणाला आणि कोपऱ्यातलं गोणपाट वर उचललं. खाली शेवंती होती. पांढरीशुभ्र, एकाला एक जुळी, एका पाकळीवर डाग नाही. "दुपारच्याला आलेला माल हाय. घेऊन जा. लग्नात फूल कोन हुंगून बघतं? तुमच्याच वावरातलं म्हून सांगा."

नानांनी फूल उचलून नाकाशी नेलं. औषधाचा वास त्यांना ओळखीचा होता. तीस वर्षं तो त्यांच्याच सदऱ्याला यायचा. पण दुसऱ्या कोणाला आला नसता. पोरगी दार लोटून बसली होती, प्रतिभाताई उद्या मांडवात पाय टाकणार होत्या, आणि घरी ओसरीवर भोकाची फुलं पडली होती. नानांनी दोन क्रेट मोटरसायकलला बांधले. बांधताना ते आडत्याकडे बघत नव्हते.

पंचवटी कारंजाच्या बाजूला शकुबाईंचं फुलांचं दुकान, म्हणजे एक पाट आणि एक छत्री. निदान आपली शेवंती डोळ्यांनी बघावी, जमलं तर थोडी परत मागावी, म्हणून नाना तिथं थांबले. शकुबाईंच्या टोपलीवर मधमाश्या घोंघावत होत्या. मधून मधून त्या हातानं वारत होत्या आणि वेणी गुंफत होत्या.

"फुलांबरोबर ह्याबी आल्या बघा," त्या म्हणाल्या. "टेम्पोत बसून आल्या का काय कोन जाने. रोज अशा येत नाय."

नानांनी मागे वळून मोटरसायकलवरच्या क्रेटकडे बघितलं. तिथं एकही माशी नव्हती. मधमाशीची साक्ष कुठे चालत नाही हे खरं, पण नाना टोपलीपाशी उकिडवे बसले. ही टोपलीतली शेवंती, हिची एकेक कळी नवसाबाईंनी उलटी करून बघितली होती. नानांनी शकुबाईंना सांगितलं, की हा माल चुकून आला, पोरीच्या लग्नाचा होता, परत मिळेल का.

शकुबाईंचा हात थांबला. "दादा, निम्मा गेला. अन् हा उरलेला सांगितलेला हाय. त्या घरीबी उद्या लग्नच हाय. त्यांना आता मी काय सांगू?"

नानांना हे पटलं आणि पटल्याचं वाईटही वाटलं. ते उठले. तेवढ्यात शकुबाईंनी हातातली वेणी पुरी केली, दोरा दातानं तोडला, वेणी केळीच्या पानात गुंडाळून वर पाणी शिंपडलं आणि पुढे केली. "ही जास्तीची. पोरीला माझा आहेर द्या."

नानांनी पान सदऱ्याच्या आत ठेवलं. मग ते उलटे फिरले, बाजारात गेले आणि बांधलेले दोन्ही क्रेट सोडून आडत्यापुढे ठेवले. आडत्यानं विचारलं, "काय झालं, आवडली नाय का?"

"चांगली हायेत," नाना म्हणाले. "पन माझी नाय." आणि ते रिकाम्या मोटरसायकलवर घरी निघाले. येताना पोरीपुढे काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते, पण ओढा गावापर्यंतही त्यांना पहिलं वाक्य सापडलं नाही.

घरी दिवेलागण होत होती. ओसरीवर बायका गाणी म्हणत होत्या आणि मधोमध तृप्ती बसली होती, पिवळ्या साडीत, मांडीवर फुलांचा ढीग घेऊन माळ ओवत. भोकाचं फूल, मग हिरवं पान, मग बोराएवढं फूल, पुन्हा पान. नाना पायरीवरच उभे राहिले.

"मिळाली का?" तिनं मान वर न करता विचारलं.

"नाय." मग त्यांनी सगळंच सांगितलं. "दुसरी घेतली व्हती. गाडीला बांधली व्हती. आपलीच म्हून सांगनार व्हतो तुला. मंग परत देऊन आलो."

ओवणं थांबलं. गाणंही थांबलं. तृप्तीनं मान वर केली आणि नानांना तिच्या डोळ्यांत दुपारचा राग शोधूनही दिसेना.

"मला दुपारी फार वाईट वाटलं," ती म्हणाली. "फुलांचं नाही. इतके महिने तुम्ही त्या तुकड्यात बसलात आणि शेवटी हात बाजाराकडंच गेला, त्याचं. मग इथं येऊन बसले आणि हा ढीग बघितला." तिनं एक फूल उचलून दिव्याकडे धरलं. पाकळीतल्या भोकातून उजेड आला. "नाना, मी शाळेत हीच फुलं माळून जायचे. मला वाटायचं, शेवंतीला भोक असतंच. बिनभोकाची शेवंती मी पहिल्यांदा बघितली ती मनमाडच्या मावशीच्या लग्नात. मला ती खोटी वाटली होती."

बायका हसल्या. नानांनाही हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी फेटा काढून डोळे पुसले. "माझं चुकलं," ते म्हणाले.

"चुकलंच," तृप्ती म्हणाली. "आता बसा आणि पानं तोडून द्या."

मांडव सजला. आंब्याचे टाळे, उसाची टिपरी, केळीचे खांब, आणि त्यावर बदल्याच्या माळा. फूल कमी होतं म्हणून पान जास्त लागलं, आणि पान जास्त लागलं म्हणून मांडव हिरवागार झाला. सकाळी ओझरची मंडळी वाजत-गाजत आली. प्रतिभाताई आल्या आल्या मांडवाच्या खांबापाशी गेल्या आणि खरोखरच बघत राहिल्या. नाना फेटा सावरत जवळ आले.

"दत्तूभाऊ," त्या जवळून निरखत म्हणाल्या, "अहो, या फुलाला भोक आहे."

"हाय," नाना म्हणाले.

"याला पण आहे."

"समद्यांनाच हाय, विहीनबाई. चांगला माल मी बाजारात पाठवून बसलो. तुमच्याशी बोलता बोलताच पाठवला. ही अळीनं खाल्लेली हायेत. अळीला आम्ही औषध मारलं नाय, तव्हा तीबी असंल इथंच कुठंतरी, लग्नाला."

प्रतिभाताईंनी पदर सावरून घेतला आणि खांबापासून दोन पावलं मागे सरकल्या. मग त्यांना हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना, आणि हसता हसता त्यांनी कॉलनीतल्या बायकांना बोलावून भोकं दाखवायला सुरुवात केली. थोड्या वेळात कॉलनीतल्या साऱ्या बायका मांडवाच्या माळांत सगळ्यात जास्त भोकं कोणत्या फुलाला आहेत ते शोधत होत्या. गाय गोठ्यातून हंबरत होती. लग्न लागल्यावर या सगळ्या माळा तिच्यापुढे आणि उकिरड्यावरच जायच्या होत्या, म्हणून तिचंही लक्ष मांडवाकडे असल्यासारखं वाटत होतं.

मुहूर्त जवळ आला तसे नाना आतल्या खोलीत गेले. तृप्ती शालू नेसून, बदल्याच्या मुंडावळ्या बांधून बसली होती आणि नवसाबाई तिच्या निऱ्या नीट करत होत्या. नानांनी दार लोटलं. माठाखाली गारव्याला ठेवलेलं केळीचं पान रात्रीपासून त्यांनी कोणाला दाखवलं नव्हतं. ते त्यांनी उघडलं. पांढरीशुभ्र, मुठीएवढी शेवंती, एक पाकळी चेपलेली नाही.

"एवढीच आली हातात," ते म्हणाले. "आपल्याच तुकड्यातली हाय. शकुबाईनं आहेर केला. घाल, पोरी."

तृप्तीनं वेणी हातात घेतली, नाकाशी नेली. मग तिनं ती परत बापाच्या हातात दिली.

"माझ्याकडं काय देता," ती म्हणाली. "अळ्या कोणी वेचल्या?"

नानांनी बायकोकडे बघितलं. नवसाबाईंनी लगेच नजर निऱ्यांत घातली. त्यांच्या अंबाड्यात नेहमीसारखं एक बदल्याचं फूल होतं, कडा खाल्लेलं. बाहेर गुरुजी मुलीला आणा म्हणून हाका मारत होते.

"नाना, मुहूर्त टळतोय," तृप्ती म्हणाली.

दत्तूनाना पुढे झाले. फुलं खुडायला, निवडायला, भरायला ज्यांचे हात कधी अडखळले नव्हते, त्यांना बायकोच्या अंबाड्याला वेणी कुठून खोचायची तेच कळेना. एकदा खाली घसरली, एकदा अंबाड्यातला काटा टोचला, शेवटी तृप्तीनं धरायला मदत केली तेव्हा ती बसली. नवसाबाईंनी हात मागे नेऊन फुलं चाचपली. बोटं एकाही भोकाला लागली नाहीत.

"हा तर पहिला माल हाय," त्या म्हणाल्या. "बाजारात नाय गेला का?"

"गेला व्हता," नाना म्हणाले. "परत आनला."